ऑइलचा दिवा

आप्पा,

काल गंगापूर रोडच्या गॅरेजमध्ये तुमची गाडी उघडली. तुमची म्हणते, कारण हे शेवटपर्यंत तिला तुमचीच म्हणायचे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, ह्यांना चार. इंजिन आता म्हातारं झालंय, म्हणून ऑइलचा दाब आणि तापमान दाखवणारे दोन मीटर बसवून घेत होते. सोबतचं इंग्रजी पत्रक मी आठवडाभर शब्दकोश घेऊन वाचलं होतं. मिस्त्री सेन्सरच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळायला लागले तेव्हा मी म्हटलं, "टेप नको. अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, नाहीतर काटा चुकीचं दाखवील."

"मग तुम्हीच बसवा ताई, मी चहा पिऊन येतो," ते म्हणाले. पण टेप ठेवून दिली.

दोन्ही सेन्सर बसले. तारा आत घ्यायला त्यांनी डॅशबोर्ड सोडवला आणि थांबले. "ताई, हे बघा. ऑइलच्या दिव्याची तार कापून तो बॅटरीच्या दिव्याला जोडलाय. चावी फिरवली की लागणार, गाडी चालू झाली की विझणार. ऑइलचा थेंब नसला तरी विझणार. कोणी केलं हो? काम लय सफाईचं हाय."

मी वाकून पाहिलं. जोडावर मेणाचा दोरा होता, बोटाबोटावर गाठ, सगळ्या गाठी एका बाजूला. ओझरच्या कारखान्यात विमानातल्या तारा तुम्ही तशाच बांधायचात. मी पाचवीत आहे, आई भाकरी थापतेय, तुम्ही माझ्यासमोर जुन्या रेडिओच्या तारा टाकता. माझी गाठ सैल निघते, तुम्ही ती कापून टाकता. "परत बांध. वर माणसं बसलेली असतात." तुमच्या हातून खोटं काम होत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

पहिल्या दिवाळसणाला, पाडव्याच्या ओवाळणीनंतर, तुम्ही गाडीची किल्ली जावयाच्या हातात दिलीत. त्याआधी गाडी तापली की ऑइलचा दिवा लुकलुकत असणार. तशी गाडी व्याह्यांच्या दारात जाऊ द्यायची नसेल तुम्हाला. सण उरकला की सांगू, असं मनात असेल. दोन महिन्यांनी सायखेड्याच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. गाडी ओढत तुमच्या अंगणात आणली, माझे सासरेही आले. तुम्ही ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढलीत, ती कोरडी.

"दिवा लागला तरी हाकत राहिलात, जावईबापू? डोळे काय घरी ठेवून आला होता?"

"दिवा लागलाच नव्हता, मामा."

"मग काय गाडी खोटं बोलते?"

सगळे हसले. सासरेही हसले. इंजिन दुरुस्त होऊन आलं तेव्हा ह्यांनी किल्ली माझ्यासमोर ठेवली. "तू शीक आणि तूच चालव. मला दिवे दिसत नाहीत." पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तुम्ही तो किस्सा सांगितलात आणि हे ताटाकडे बघत जेवत राहिले. तार कापल्याचं मी एक वेळ सोडून देईन, आप्पा. तो किस्सा रंगवून सांगताना तुम्हाला खरं ठाऊक होतं, हे मात्र सोडवत नाही. ह्यांना जाण्याआधी हे कळायला हवं होतं.

मिस्त्रींनी दिवा पुन्हा जागच्या जागी जोडून दिला. घरी येऊन हे सगळं लिहायला बसले, ते मुलीला वाचायला द्यायचं म्हणून. तिच्या बाबांची चूक नव्हती, हे तिला कळायला पाहिजे.

पण हे तिला देणार नाही. त्या दिवशी सायखेड्याच्या रस्त्यावर मी ह्यांच्या शेजारी बसले होते. दिवा लागला नव्हता, मी पाहिलं होतं. अंगणात तुम्ही बोललात तेव्हा ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी पदर सारखा करत बसले.