भुवया उगवेपर्यंत थांबावे

तीर्थस्वरूप वहिनीस,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो, पण जपून, कारण कपाळाला अजून मलम आहे. तुमची कंबर कशी आहे? दादाचा राग कसा आहे? दोन्हींना उतार पडला असेल या आशेवर पुढचं लिहितो.

तुमची मावसबहीण वडिलांबरोबर येत्या रविवारी मला बघायला येणार, हे तुमचं पत्र मिळालं. वाचून आनंद झाला आणि लगेच हात भुवयांकडे गेला. तिथे काही नव्हतं. तेव्हा त्यांना महिनाभर थांबवा. कारण सविस्तर लिहितो, म्हणजे त्यांना काय सांगायचं नाही ते तुम्हाला कळेल.

आमच्या प्रयोगशाळेत एक स्टीलची टाकी आहे. तिच्यात पातळ काहीतरी भरून तापवायचं, त्यात तापमापक बुडवायचे आणि ते खरं बोलतात का बघायचं, हा आमचा धंदा. (माणसांसाठी अशी टाकी निघाली तर पहिला मी पळेन.) नव्या कामाला उष्णता जास्त हवी होती. पाणी शंभरालाच उकळून उडून जातं, म्हणून तेल घ्यायचं ठरलं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, बाहेरगावी निघताना मला म्हणाल्या, "स्टोअरमधून सुरक्षित तेल निवडून ठेव. डब्यावरचं नीट वाच. आणि मी येईपर्यंत टाकी चालू करू नकोस." बाई मला निवडायला सांगतात, यानेच मी इतका फुगलो की पुढच्या दोन वाक्यांना आत जागाच उरली नाही.

स्टोअरमध्ये एक महागाचं सिलिकॉन तेल होतं आणि एक साधं खनिज तेल. साध्याच्या डब्यावर दोन आकडे होते, एकशेचाळीस आणि दोनशे. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दोन आकडे दिसले की मोठा आपला. लहानपणी त्याच किमतीत मोठी मिळते म्हणून मी दोन मापं मोठी चप्पल घेतली होती, आणि ती झिजेपर्यंत तिच्या मागून चालत होतो. आकड्यांशेजारी बारीक अक्षरं होती, पण बारीक अक्षरांचं आणि माझं सातवीतच फाटलंय. स्टोअरवाले काका म्हणाले, "वाचून तरी घे." मी म्हणालो, "वाचलं, दोनशेपर्यंत चालतं." काका म्हणाले, "एवढ्यात? तुला सही करायला याहून जास्त वेळ लागतो."

पुढे कळलं की उघड्या टाकीत तापवायची मर्यादा म्हणजे लहान आकडा. मोठा आकडा म्हणजे जिथे तेलाच्या वाफेला ठिणगी लागली की भडका उडतो. मी टाकी एकशेपंच्याण्णववर लावली. (पाच कमी ठेवले. मी काळजी घेणारा माणूस आहे.) टाकी लावलेल्या आकड्यापेक्षा थोडी पुढे पळते, ही चिठ्ठी तिच्यावरच डकवलेली होती, तीही बारीक अक्षरांत. धूर निघाला तेव्हा मी वाकून आत पाहिलं. ढवळायच्या जुनाट मोटरीतून ठिणगी पडली आणि भप्प झालं. भुवया, पापण्या आणि कपाळावरची ती बट, जिला मी रोज आवडीने तेल लावायचो, सगळं एका दमात गेलं.

आग मात्र लगेच विझली, कारण टाकीवर झाकण पडलं. बाई त्याच संध्याकाळी परत आल्या. आधी मलमपट्टी केली, मग सगळ्यांसमोर मला भरपूर बोलल्या, पण शेवटी म्हणाल्या, "निदान घाबरून पाणी ओतलं नाहीस, नाहीतर पेटतं तेल छतापर्यंत उडालं असतं." नोकरी वाचली. आता टाकीत सिलिकॉन तेल आहे. त्याच्या डब्यावरचं अक्षर न् अक्षर बाईंनी मला मोठ्याने वाचायला लावलं. त्यात दुपार गेली. (ओतताना फरशीवर चार थेंब सांडले. त्यांच्यावरून दोनदा घसरून पडलो, दोन्ही वेळा मीच.)

तर रविवार पुढे ढकला. सध्या मी सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो.

तुमचा, तूर्त बिनभुवयांचा,
धाकटा दीर

ता. क. झाकण मी घातलं नाही. भिऊन मागे उडी मारली, तेव्हा कोपर लागून ते आपोआप पडलं. मी पाणी आणायलाच पळालो होतो. बादली घेऊन आलो तोवर आग विझलेली. दादाला सांगू नका.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि रविवारी ते आलेच. दार मी उघडलं. माझा चेहरा पाहून वडिलांनी पत्ता चुकला म्हणून माफी मागितली. त्यांना आत बसवून मी झाकण घालून आग विझवल्याची शौर्याची गोष्ट सांगितली. तुमच्या बहिणीने माझ्या कोपरावरची पट्टी पाहिली आणि विचारलं, "तुमच्याकडे झाकण कोपराने घालतात का?" मग खरं ते सांगून टाकलं. ती इतकी हसली की वडिलांनाही हसावं लागलं. निघताना म्हणाली, "आधी तुमच्या बाईंना खरं सांगा, मग आमच्याकडे या." आज सकाळी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. पट्टी मीच बांधली ना?"

तेव्हा थांबवायचं ते राहू द्या. तिच्या घरी जायला फक्त दादाचा कोट पाठवा. त्याचे दोन आहेत. लहान पाठवा.