पाण्याचं रेणुसूत्र

सर, तुम्ही वारलात तेव्हा मी गावातच होते, आणि तरीही तुमच्या घरी भेटायला आले नाही. अब्बांनी दोनदा सांगितलं, "बेटी, उस्ताद थे तेरे, जाके आ." मी भाकऱ्या थापत बसले. आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे तेही आठवण आली म्हणून नाही, राग आला म्हणून.

तुम्ही मुळात पी.टी.चे. विज्ञानाची जागा रिकामी राहिली आणि हेडसरांनी दहावीचं विज्ञान तुमच्या गळ्यात मारलं, यात तुमचा दोष नव्हता. पण "मला हे येत नाही" एवढं म्हणणं तुमच्या जिवावर आलं. त्याऐवजी तुम्ही फळ्यावर ठोकून दिलंत: H₂ + O₂ → H₂O₂. डावीकडं दोन ऑक्सिजन, उजवीकडं एकच, म्हणून पाण्याच्या सूत्रात खाली एक २ चिकटवला, समीकरण जुळलं म्हणालात आणि खडू झटकला. मी उभी राहिले. "सर, खालचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो. हे पाणी राहिलं नाही. आकडा सूत्राच्या पुढं लिहायचा असतो. पुस्तकात 2H₂ + O₂ → 2H₂O आहे." मला वाटलं, तुम्ही पुस्तक उघडाल. तुम्ही जाऊन माठातून तांब्या भरून आणलात. "पाणी न्हाय म्हणतीस व्हय? मग पी. पिऊन सांग सगळ्यांना, पाणी हाय का न्हाय." मी उभ्यानं पिते आहे, ओढणी भिजते आहे, वर्ग खिदळतो आहे आणि तुम्ही दुसरा तांब्या भरता आहात. सगळ्यात मोठ्यानं हसत होती ती माझ्या शेजारी बसणारी, माझी जिवाभावाची मैत्रीण. "पाणीच हाय सर," मी शेवटी म्हणाले. तेव्हा कुठं तुम्ही मला खाली बसू दिलंत.

बोर्डाच्या पेपरात समीकरणं आलीच. ती मैत्रीण विज्ञानात थोडक्यात नापास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. घरच्यांनी शाळा बंद केली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून टाकलं. मी शिकत गेले. आता धाराशिवला सरकारी प्रयोगशाळेत गावोगावचं पाणी तपासते. गेल्या आठवड्यात ती येडशीकडच्या तिच्या गावातून बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन आली. मला बघून आधी खूप हसली, मग फॉर्म भरता भरता म्हणाली, "त्या मास्तरनं माझं लई वाटुळं केलं बघ. तू हुशार, तू निभावलीस." मी "व्हय" म्हणाले आणि बाटलीवर चिठ्ठी डकवली.

तुमच्यावरचा माझा राग खरा आहे, सर, आणि त्यातला कणभरही मी मागं घेत नाही. न येणारी गोष्ट शिट्टी फुंकल्यासारखी शिकवलीत, आणि चूक दाखवली तर पोरीची फजिती केलीत. पण पेपरच्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्या समीकरणाचं कसं गं? सरांचं खरं का तुझं?" म्हणजे तुमच्यावर तिचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता. तिचं वर्गातलं ते हसणं माझ्या मनात तसंच होतं. "सरांचंच बरोबर हाय," मी म्हणाले, आणि आत जाऊन माझं लिहिलं. तिला हे आठवत नाही, की आठवूनही ती बोलत नाही, मला ठाऊक नाही. तुम्हाला हे पाठवायची सोय नाही. तिचा पत्ता मात्र फॉर्मवर आहे, तिच्याच अक्षरात. काल त्या पत्त्यावर मी पाण्याचा अहवाल पाठवला. हे पत्र त्यात घातलं नाही.