सीट दोन बोटं वर

आप्पा, आज ऑफिसातल्या एका मॅडमची सायकल नीट करून दिली आणि घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मॅडमना डॉक्टरनं व्यायाम सांगितला म्हणून त्यांनी गिअरची सायकल घेतली, आणि आठ दिवसांत पाठ धरून बसल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं की स्टोअरमधली ती बाई पूर्वी सायकल पळवायची, तिला विचारा. गेटपाशी गेले, बघितलं, सीट पार खाली. म्हटलं, वर करू या. तर म्हणतात, "अहो, पाय टेकायला नको का?" तुमचंच म्हणणं, आप्पा. सीट वर केली, जराशी पुढं सरकवली, हॅंडल थोडं उचललं. संध्याकाळी त्या गेटापर्यंत दोन चकरा मारून आल्या आणि म्हणाल्या, "कमाल आहे, पाठ ओढत नाही आता." मी बरं म्हटलं. माझी स्वतःची पाठ अकरा वर्षं स्टोअरच्या स्टुलावर बसून अशी झालीय की सुट्टी झाल्यावर रॅकला धरून उठावं लागतं. पण आज पाठीपेक्षा दुसरंच काहीतरी दुखायला लागलं. जिल्ह्याच्या सायकल संघाची निवड होती, त्या दिवशीचं एक तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात, तोंडावर सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

ती सायकल तुम्ही दौंडच्या एका रेल्वेवाल्याकडून घेतलीत. जुनी, खाली वळलेल्या हॅंडलची, बारीक टायरची. एसटीच्या टपावर टाकून आणलीत आणि स्टँडपासून घरापर्यंत हातात धरून चालत आलात. लोक म्हणाले, आप्पा, बसा की वर. तुम्ही म्हणालात, "जिची हाय ती बसंल." मांडवगणात तोवर असली सायकल कुणी बघितली नव्हती, आणि तिच्यावर पोरगी बसणार हे तर त्याहून नवं. मी सतरा वर्षांची. तुम्ही पहाटे उठून ग्रामपंचायतीचं पाणी सोडायला निघायचात, मी तुमच्या मागोमाग न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचे. महिनाभरात माझी पाठ दुखायला लागली. कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, कुणी पिळून काढल्यासारखी. आईनं मिठाची पुरचुंडी करून शेकलं. शाळेतले सर म्हणाले, तुझा जोर कमी पडतोय. शेजारची म्हणाली, बाईच्या जातीला सायकल मानवत नाही. मला तेच खरं वाटायला लागलं होतं.

एका शनिवारी चाकाचा आरा तुटला म्हणून दौंडला स्टेशनजवळच्या चाचांच्या दुकानात गेले. चाचा आरा बसवतात आणि मला म्हणतात, जरा बस गं वर, मी धरतो. मी बसते. "टाच ठेव पायडलवर. पंजा न्हाई, टाच. आता पाय खाली ने." माझा गुडघा वाकलेलाच. चाचा हसतात. "बेटा, आसं बसल्यावर पाठ न दुखून काय करंल? सीट खाली, हॅंडल लांब, तू मधी घडी घातल्यावानी." त्यांनी सीट वर घेत घेत अशी आणली की टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग सीट पुढं सरकवली, हॅंडल दीड बोट उचललं, आणि सीटच्या दांड्यावर कानशीनं एक बारीक खूण केली. म्हणाले, "याच्या खाली बी न्हाई आन् वर बी न्हाई. वर ग्येली तर कंबर हलंल, मग त्येच दुखणं." त्या दिवशी दौंडहून मांडवगणपर्यंत आले आणि घरी पोचल्यावर लक्षात आलं की पाठ आहे याची आठवणच झाली नव्हती. इतका आनंद मला पुढं कशानं झाला असेल तर आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सीट खाली केलीत. मी विचारलं तर म्हणालात, "पाय टेकला पायजे." मी चाचांचं सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि मग खरं ते बोललात: "आगं, त्या उंच सीटवर तू वाकून जातीस, मागनं लोकं बघत्यात. आज नळावर एकजण मला म्हणला, आप्पा, तुमच्या पोरीची सर्कस लई भारी. काय बोलायचं मी?" मी म्हटलं, माझी पाठ दुखते. तुम्ही म्हणालात, मग सोड सायकल. बस्स, एवढंच बोलणं झालं आपलं. त्यानंतर सात महिने आपण दोघं त्या सीटवरून एक शब्द बोललो नाही. तुम्ही रोज संध्याकाळी सायकल पुसायचात आणि सीट दोन बोटं खाली करायचात. मी रोज पहाटे ओढ्याच्या पुलापलीकडं थांबून पाना काढायचे आणि दोन बोटं वर करायचे. बापलेकीचा एवढा इमानदार व्यवहार दुसरा कुठला नसेल. अंधारात खूण दिसायची नाही, पण हाताला माप बसलं होतं. बोल्ट ढिला करायचा, दोन बोटं, आवळायचा. खूण बघायची मला गरजच राहिली नव्हती.

निवडीच्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून आपण दौंडला निघालो. पहिल्या चार जणी जिल्ह्याच्या संघात जाणार होत्या. सर म्हणाले होते, संघात गेलीस तर पुढं पोलीस भरतीत उपयोग होईल, आणि तुम्ही ते इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की मला लाज वाटायची. टेम्पोत तुम्ही किटल्यांच्या मधे सायकल धरून उभे. म्हणालात, "आज समदं नीट हाय. तू नुसती बस." मी हं म्हटलं. तुमच्याशी नीट बोलायची सवयच गेली होती. पोचायला उशीर झाला, नाव पुकारत होते, तुम्ही माझा नंबर आणायला गेलात. मी पाना काढला. बोल्ट ढिला, दोन बोटं वर, आवळला.

निघाल्या निघाल्या पाय आखूड पडतायत असं वाटलं. म्हटलं, घाबरलेय. कंबर डावीउजवीकडं हलत होती. निम्मं अंतर होईस्तोवर मी तिसरी होते. मग पाठ आली. आली म्हणजे अशी की हॅंडल सोडून सरळ व्हावं लागलं, पुन्हा वाकले, पुन्हा सरळ झाले. एकेक करून पोरी पुढं गेल्या. मी नववी आले. तुम्ही दोरीपलीकडं टॉवेल घेऊन उभे होतात, आणि मी त्या सगळ्या लोकांसमोर तुम्हाला म्हणाले, "झालं समाधान? रोज सीट खाली, रोज सीट खाली. लोकांच्या लाजंपायी माझी पाठ मोडलीत तुम्ही." कुणीतरी म्हणालं, पोरी, बापाशी असं बोलतात का. तुम्ही त्याला हातानं गप्प केलंत. मग हळू आवाजात म्हणालात, "न्हाई गं. काल मी वर केली व्हती. त्या खुणंवर. म्हणलं, आजच्या दिशी तरी तुझ्या मनासारखं आसावं. माझ्याच हातनं चुकलं आसंल. मला कुठं कळतंय त्यातलं."

आप्पा, मला तिथंच कळलं. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. तुम्ही बरोबर खुणेवर ठेवलेली सीट मी आणखी दोन बोटं वर केली होती. एक नजर टाकली असती तर खूण दिसली असती, उजेड होता. पण सात महिन्यांत तुम्ही एकदा माझ्या बाजूनं काही कराल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होतात. मी टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं.

येताना तुम्ही एसटीत मला खिडकीची जागा दिलीत. पुढं नळावर कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, माझ्यामुळं पोरीचं शिलेक्शन हुकलं, मी सीट चुकीची लावली. आई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगते आणि मी तिथं बसून चहा पिते. हे पत्र तिला वाचून दाखवावं असं मघाशी वाटलं होतं. आता वाटत नाही. ती म्हणेल, मग तेव्हाच का नाही बोललीस, आणि त्याला माझ्याकडं उत्तर आहे, तेच वाईट आहे.

शिरूरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुझं लई नुकसान केलं मी." पोटातलं ओठावर आलं होतं. सिस्टर बाहेर गेली होती, आई डबा धुवायला गेली होती, आपण दोघंच होतो. मी म्हटलं, "जाऊ द्या आप्पा. मी कधीच सोडून दिलंय ते." तुम्ही डोळे मिटलेत, तुम्हाला खूप बरं वाटलं. आणि आप्पा, तुम्हाला माफ करताना मलाही बरं वाटलं होतं.