धुऊ नये असा सापळा

घडले ते असे:

१. पावसाळ्यात आमच्या गोठ्यात माश्या वाढल्या. काकूची म्हैस चंद्री धार काढताना लाथा झाडू लागली. दूध सांडू लागले.

२. मी बारीक तारेच्या जाळीचे सापळे केले. खाली वाटीत काकवी आणि आंबलेले ताक, वर जाळीचे पालथे नरसाळे. माशी खाऊन वर उडते, नरसाळ्याच्या भोकातून वरच्या बंद जाळीत शिरते. परतीची वाट तिला सापडत नाही.

३. काकूने ते रोज राखेने घासले, वाटीसकट. वास गेला. माशी आली नाही.

४. काकू लेकीकडे गगनबावड्याला गेली. सापळे भरले. चंद्री शांत उभी राहिली.

५. काकू परत आली. सापळे पुन्हा लखलखीत. चंद्रीने आकारामकाकांना लाथ मारली. काका म्हणाले, "येत्या बाजारात हिला इकतो बघ."

६. माझे ऑपरेशन गुरुवारी ठरले. अपेंडिक्स.

सबब मी, नंदिनी बाळासो चौगुले, वय सव्वीस, डिप्लोमा मेकॅनिकल, राहणार गडमुडशिंगी, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. दुखते ते पोट; डोके जागेवर आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. कारखान्यात मशीनवर संरक्षक गार्डही मी कारण नसतानाच बसवते.

घरातील माझा हिस्सा आकारामकाकांना. त्यात म्हैस येत नाही. म्हैस काकूची आहे.

ड्रॉइंगची पेटी मैत्रीण लीलाला. ती गेल्या वर्षापासून तिच्याकडेच आहे.

कारखान्यातले फोरमन पिराजी मला म्हणाले होते, "बाई, इंजिनं सोडून माश्या माराय लागलासा व्हय?" त्यांना एक सापळा. त्यांच्या जेवणाच्या डब्यावर किती माश्या बसतात, ते मी रोज पाहते.

बाकीचे सर्व सापळे बायडाबाई काकूला. अट एकच: धुवायचे नाहीत. मेलेल्या माश्या झटकाव्यात, ताक घालावे, हात आवरावा.

हे मी तोंडी सांगितले होते. काकू म्हणाली, "बुरसटलेलं भांडं दारात ठिवू व्हय? बघणारी काय म्हणतील?"

"म्हैस शांत हाय म्हणतील."

"तू गप की!"

आई गेल्यावर काकूने मलाही रोज असेच घासूनपुसून शाळेत पाठवले. त्याचा मला उपयोग झाला. सापळ्याला होत नाही.

काकूला अट नामंजूर असल्यास सापळे तिच्या नणंदेला, उचगावच्या विठाबाई आत्यांना द्यावेत. त्यांच्याकडे भांडी धुण्याची घाई नसते, असे काकूच नेहमी सांगते.

काकूला साक्षीला घेतलेले नाही. जिला मिळायचे, तिने साक्ष करू नये. तिने रुसू नये. घासायला काही हवेच असेल, तर ऑपरेशननंतर मी घरी येतेच आहे.

अट मंजूर आहे की नाही, हे काकूने बुधवार, १२ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत मला कळवावे.

सही: नंदिनी बाळासो चौगुले
साक्षीदार: १. गणपतराव पाटील, शेजारी (सही)
२. शालूबाई माने, शिक्षिका (सही)
गडमुडशिंगी, ता. ९ सप्टेंबर १९७९