डाव्या स्पीकरचं ठिगळ

रविवार, कुसगाव

वडील, म्हणजे आबा, गेल्यापासून त्यांचे जुने स्टिरिओ स्पीकर माळ्यावर पडून होते. भंगारात जाऊ नयेत म्हणून मी ते आज नव्या होम थिएटरला मागचे स्पीकर म्हणून जोडले. भीमजयंतीला आबा हेच दोन्ही खिडकीत ठेवायचे, अख्खी वस्ती गाणी ऐकायची. डाव्याची जाळी फाटली तेव्हा आईनं आपल्या निळ्या साडीचं ठिगळ लावलेलं. अजून आहे ते.

सिनेमा लावला, पण आईचं पडद्याकडं लक्षच नाही.

"ह्यातून मानसं का बोलत न्हाईत रं?"

म्हटलं, बोलणं पुढच्या स्पीकरमधून येतं. मागच्यांना नुसता वारा, गाड्या, धडामधूम.

"त्यांना मागं बसवलंस व्हय? गावच्या मीटिंगलाबी कदी मागं बसले न्हाईत ते."

उद्या पुढं आणतो म्हटलं. तिनं ऐकलंच नाही. खुर्ची ओढून डाव्या स्पीकरजवळ बसली, ठिगळावर हात ठेवून. मध्येच ते निळं कापड थरथरलं.

"आत्ता बोलले बघ," म्हणाली.

पडद्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं होतं.

मी व्हय म्हटलं.