सुग्रीवनं मांडलेली चूल

सौ. बायनाबाईस कॅनडातून रायभानचा आशीर्वाद.

मी खुशाल हाये, गुडघा बी बराबर हाये. फोनवर बोलताना सुग्रीव बाजूलाच बसतो, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. आपल्या शालूकडून वाचून घे.

मागच्या हप्त्यात तुझ्या लेकानं मला आन् ईशानला जंगलातल्या तळ्यावर नेल्तं. सुग्रीव धरून चार बाप आन् त्यांची पोरं. लांबट होड्या वल्हवत गेलो, तीन दिवस तंबूत राह्यलो. आमच्या होडीत पुढं नातू, मागं लेक, मधी सामानात मी. "आबा, हलू नका," एवढंच मला काम.

संध्याकाळी सुग्रीवनं तीन दगडांची चूल मांडली, वाऱ्याकडं पाठ करून. मेंढरांमागं फिरताना मी मांडायचो, बिलकुल तशी.

ईशाननं मोडक्या मराठीत इचारलं, "पप्पा, हे कुठे शिकले? लहानपणी तुम्ही असे बाहेर झोपायचे?"

"नाही रे. मोबाईलवर बघितलं," सुग्रीव म्हणला.

बायना, दहा वर्सं ह्यो मेंढरांच्या कळपाशेजारी तुझ्या कुशीत झोपला. तवा शाळेत लाजायचा, ते मी समजून घेतलं. आता तर सुट्टी काढून उघड्यावर झोपाया जातो, तरी लाजच.

जाळ इझाया लागल्ता, म्हणून मी वाकून फुंकर मारली. भडकन पेटला. ईशान हरखला, "आजोबा, तुम्ही पण मोबाईलवर बघितलं?"

सुग्रीव माझ्याकडं बघून राह्यल्ता. मी म्हणलो, "व्हय."

काळी शेळी व्याली का? फोनवर तेवढंच सांग, ह्यातला काही इषय काढू नको.

रायभान