सुलतानाची पुण्यतिथी

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज इतका संताप आलाय की तो तुमच्याशिवाय कोणाला सांगावा कळेना. मी आयर्लंडमध्ये राहते, ड्रोहेडात. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघते. गेल्या वर्षी लॉकडाऊन लागला आणि सगळे घरात अडकले, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज सकाळी दिनविशेष टाकायला लागले. दौलताबादच्या शाळेत तुम्ही फळ्यावर लिहायचात तसाच: आज जगात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. लोक वाट बघायचे.

आज वीस मार्च. दिल्लीहून राजधानी आपल्या देवगिरीला आणणाऱ्या सुलतानाची पुण्यतिथी. मी सहा ओळी लिहिल्या. दिल्लीतल्या माणसांचे त्याने वाटेत कसे हाल केले ते लिहिलं, आणि दुष्काळात धान्याची कोठारं उघडली तेही लिहिलं. दहा मिनिटांत मंडळाच्या सचिवांचा फोन.

"ताई, लिहिलंय छान. पण काढून टाका ना प्लीज."

"काय चुकलंय त्यात?"

"चुकलं काही नाही हो. पण मुसलमान राजे कशाला आपल्या दिनविशेषात? लोक मला मेसेज करतायत. उगाच वाद नको."

"मी त्या किल्ल्याच्या पायथ्याशी वाढले. ते आपलं नाही?"

"किल्ला आपला आहेच ना, ताई."

माझं डोकंच फिरलं. मागच्याच आठवड्यात मी एका युरोपीय सम्राटावर लिहिलं होतं, ज्याने आपली अख्खी फौज बर्फात मरायला नेली. तेव्हा याच गृहस्थांनी टाळ्या पाठवल्या होत्या! आणि मी राहते त्या गावात तर पावणेचारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज सेनापतीने कत्तल केली. कारखान्यातली माझी आयरिश मैत्रीण अजून त्याचं नाव उच्चारत नाही, दात आवळून नुसतं "युअर मॅन", म्हणजे 'तो माणूस', म्हणते. पण माझ्या मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात तो चांगला पानभर आहे. ते पान फाडा असं कोणी म्हणत नाही.

सातवीत मी पेपरात "वेडा सुलतान" असं लिहिलं, तेव्हा तुम्ही मला वर्गासमोर उभं केलंत. "वेडा म्हटलं की पुढे विचार करायला नको, होय ना? त्याचं काय चुकलं ते लिही." मी रडले होते, तुमचा रागही आला होता. त्याच वर्षी तुम्ही फळ्यावर त्याची पुण्यतिथी लिहिता आणि मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहतात. पुसा म्हणतात. तुम्ही डस्टर त्यांच्याच हातात देता. "तुम्ही पुसा, सर. फक्त का पुसलं ते त्या जागी लिहा." आम्ही सगळ्या बघतोय. सर डस्टर टेबलावर ठेवतात आणि निघून जातात.

सचिवांना हे सगळं सुनावायला माझ्या तोंडात शब्द तयार होते. पण जानेवारीत आम्हाला तिघांना कोविड झाला, तेव्हा याच माणसाने दोन आठवडे रोज आमच्या दारात वरणभाताचा डबा ठेवला होता. मुलीचा मराठीचा ऑनलाइन वर्ग त्यांची बायको घेते. इथे आमचं दुसरं आहे कोण? "काढते," म्हणाले. फोन चालू असतानाच काढलंही. मग आज जागतिक चिमणी दिन आहे म्हणून एका चिमणीचा फोटो टाकला.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. तुम्ही असतात तरी मी ते पाठवलं नसतं. चिमणीला संध्याकाळपर्यंत अंगठे येत राहिले, आणि बाई, प्रत्येक अंगठ्यासरशी मला बरं वाटत होतं.